कोरियात इंग्रजी शिकवायचंय? सरकारी शाळा की खासगी क्लास, आधी व्हिसा बघा!

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचे दोन मार्ग. सरकारी शाळांसाठी १९९५ पासून ‘एपिक’ हा सरकारी कार्यक्रम आहे. आठवड्याला साधारण २२ तास शिकवायचं, सोबतीला कोरियन शिक्षक, शिवाय राहण्याची सोय. ‘हॅगवॉन’ म्हणजे खासगी क्लास. तिथे बहुतेकदा दुपारपासून रात्रीपर्यंत तास, सुट्ट्या कमी. बाकी सगळं मालकावर.

पण पासपोर्ट भारतीय असेल तर निवड जवळपास झालेलीच आहे. ‘ई-२’ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटनसह ७ इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी. २०१० मध्ये लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे आपल्यासाठी दार किलकिलं झालं, तेही सरकारी शाळांचंच आणि शिक्षक पात्रता असेल तरच. त्यामुळे एजंट हॅगवॉनमध्ये नोकरी लावतो म्हणाला, तर पैसे देण्याआधी विचारा, व्हिसा कुठला?