आईच्या मापाची काठी

आईचा उजवा गुडघा झिजला आणि काठीशिवाय भागेना, तेव्हा मी शहरातून ॲल्युमिनियमची काठी आणली. इंचाइंचावर भोकं असलेली, उंची कमीजास्त करता येणारी. दुकानात ज्या भोकात खटका अडकवून दिला, तिथेच तो महिनाभर राहिला. काठी टेकली की आईचा खांदा वर चढायचा. गुडघा राहिला बाजूला, मानच धरली. शिवाय काठी असायची उजव्या हातात, दुखऱ्या पायाच्या बाजूला. मलाही तेच बरोबर वाटत होतं.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोन्ही चुका दाखवल्या. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, आणि टाकायची त्या दुखऱ्या पायाबरोबर. उजवा पाय पुढे, त्याच वेळी डाव्या हातातली काठी पुढे. एका पायावर उभं राहिलं की कंबर दुसऱ्या अंगाला कलू पाहते. तिला सावरायला खुब्याचे स्नायू जोर लावतात आणि त्या बाजूच्या सांध्यावरचा भार आणखी वाढतो. विरुद्ध हातातली काठी ही कलती बाजू तोलून धरते. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. आई हे दोन दिवसांत शिकली. पण त्या धातूच्या काठीशी तिचं काही जमेना. म्हणाली, "हातात धरल्यासारकी वाटणाच नाय."

मग बांबूचीच काठी करायचं ठरलं. आमच्या सिंधुदुर्गात बांधावर, परड्यात माणगा असतोच. हा बिनकाट्यांचा बांबू, आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव. पोकळ बांबू अंगाचा भार पडला की चिरू शकतो, माणगा लवतो पण सहसा तुटत नाही. शेजारच्या काकांनी बेटात शिरून एकेका काठीला कोयतीच्या पाठीने ठोकून पाहिलं. "कोवळो नको, जून व्हयो," म्हणाले. कोवळ्याचा हिरवा रंग तुकतुकीत असतो आणि पेरांवर पांढरी भुकटी असते. तो सुकला की सुरकुततो. तीन-चार वर्षांचा माणगा मळकट दिसतो, ठोकला की खणखणतो. पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडावर त्यांनी तो तोडला आणि तीन आठवडे वहाळात दगडाखाली दाबून ठेवला. बांबूतल्या पिठूळ अंशासाठी भुंगा येतो. पाण्यात तो अंश बराचसा निघून जातो. मग सावलीत उभा करून सुकवला. उन्हात टाकला असता तर उभी भेग गेली असती.

काठीला मधे एक बाक होता. तो काढताना मी चुलीजवळच बसले होते. निखाऱ्यांवर काठी सतत फिरवत ठेवायची, एका जागी थांबली की करपते. थोड्या वेळाने सालीवर तेलकट घाम फुटला. काकांनी तो फडक्याने तिथल्या तिथे पुसून घेतला आणि साल चकाकू लागली. मग बाक गुडघ्याखाली घेऊन हळूहळू दाबला, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि गार होईतो सोडला नाही.

मूठ सुताराने शिवणीच्या लाकडाची केली, आडवी, तळवा पूर्ण टेकेल अशी. वाकडी मूठ मनगटाला अडकवायला सोयीची, पण भार सगळा एका जागी देते, आणि आईची बोटंही आता कडक झाली आहेत. माप घेताना तिला रोजच्या चपला घालून सरळ उभं केलं, हात सैल सोडायला लावले, आणि मनगटाच्या रेघेपासून जमिनीपर्यंत सुतळी धरली. मूठ तिथे यायला हवी, म्हणजे टेकताना कोपर किंचित वाकतं. तळाला रबराची टोपी बसवली की उंची वाढते, म्हणून आधी टोपी घालून पाहिली आणि मगच करवत लावली. जास्त कापली गेली तर जोडता येत नाही.

काठीची निगा फार नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर जवसाच्या तेलाचा पातळ हात. कोपऱ्यात उभी असेल तिथे खाली पिवळसर पीठ दिसलं तर समजावं, भुंगा लागला. मुठीचा सांधा दर महिन्याला हलवून पाहायचा. खरी काळजी घ्यायची ती टोपीची. आमच्या अंगणातल्या चिऱ्यांवर आषाढात शेवाळ धरतं, आणि गुळगुळीत झालेली टोपी त्यावर सर्रकन सरकते. तळाच्या खाचा बुजल्या की टोपी बदलायची, आणि दुकानात जाताना जुनी बरोबर न्यायची. 19 की 22 मिलिमीटर, डोळ्यांना कळत नाही.

परवा जुनी टोपी काढली तेव्हा ती एकाच कडेला झिजलेली होती, आतल्या. आई काठी अंगापासून लांब, तिरकी टेकत होती. तिला विचारलं तर म्हणाली, जवळ धरली की लुगड्याच्या निऱ्यांत अडकते. आता निऱ्या बोटभर वर खोचून, काठी पावलालगत टेकत ती विहिरीपर्यंत जाते. नवी टोपी महिन्याभराने काढून बघेन.