मागची भिंत

आमच्या चाळीला दोन चेहरे आहेत. एक रस्त्याकडचा, गिलावा केलेला. दर चार-पाच वर्षांनी गणपतीच्या आधी त्याला रंग लागतो. दुसरा मागच्या गल्लीकडचा, उघड्या विटांचा. त्याच्याकडे घुशी आणि प्लंबर सोडले तर कुणी ढुंकूनही बघत नाही. मुंबईतल्या गणेश गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझा जन्म गेला, पण ती भिंत मूळची कोणत्या रंगाची, हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी ती काळीच होती.

काळी का, हे मात्र ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं. वडील गिरणीत बॉयलरवर होते. टाटांची खोपोलीची वीज १९१५ पासून गिरण्यांना मिळू लागली, तरी सायझिंगला, रंगाईला वाफ लागायचीच, आणि वाफ म्हटली की बॉयलर आणि धुराडं आलंच. आईचा निम्मा जन्म दोरीवरचे कपडे काजळी बसायच्या आत काढण्यात गेला. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि धूर थांबला. भिंत काळीच राहिली. पोरांना मी ती दाखवायचो, ‘हा तुमच्या आजोबांचा धूर.’

काही वर्षांपूर्वी चाळीच्या समितीने ठरवलं की मागची बाजूही उजळ करायची. सेक्रेटरी मीच. तीन कोटेशनं आली, त्यातलं सगळ्यात स्वस्त आम्ही घेतलं. दोन माणसं परांचीवर चढली, कोरड्याठाक भिंतीवर ॲसिड ओतून तारेच्या ब्रशाने घासू लागली. गल्लीत उभं राहवेना, डोळ्यांतून पाणी. पण तिसऱ्या दिवशी भिंत लालभडक! मग त्यांनी विटांमधल्या दरजा कटरने कोरून सिमेंटने भरल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. बिलावर सही माझी आहे.

दुसरा पावसाळा ओसरला आणि भिंतीला पांढरी दाढी फुटली. हात फिरवला की पीठ निघायचं. त्यामागोमाग विटांचे पोपडे सुटू लागले, पापडासारखे. सिमेंटच्या रेघा तेवढ्या जशाच्या तशा, आणि त्यांच्या चौकटीत वीट खोल जाते आहे. ठेकेदार फोन उचलेना.

अशा वेळी एका शेजाऱ्याने त्याच्या ओळखीचे गवंडीमामा आणले. सत्तरीचे. अजून चुन्यात काम करतात. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी चहा प्यायले, मग तासभर नुसती भिंत बघत बसले.

‘‘भाऊ, हा लोणा,’’ पांढऱ्यावर बोट ठेवून ते म्हणाले. ‘‘आतला खार आहे. पाण्याने धुवाल तर परत आत जाईल आणि परत बाहेर येईल.’’ त्यांनी ओला फडका फिरवला; पांढरं दिसेनासं झालं. वाळल्यावर, संध्याकाळपर्यंत, पुन्हा हजर. मग दुसऱ्या एका पांढऱ्या ओघळावर त्यांनी लिंबू पिळलं. तिथे फेस आला. तो खार नव्हता, दरजेतला चुना विरघळून खाली उतरला होता. दोन्ही पांढरं, पण रोग वेगळे.

खार येतो कुठून? विटेच्या मातीतून, खाडीच्या रेतीतून, समुद्रावरच्या वाऱ्यातून, आणि आमच्या बाबतीत शिवाय ॲसिडातून. कोरडी वीट टिपकागदासारखी असते. आधी भरपूर पाणी पाजलं नाही तर ती ॲसिड पिऊन टाकते आणि त्याचे क्षार आतच राहतात. मग पाणी आत शिरलं की ते विरघळतात आणि भिंत वाळताना पृष्ठभागाकडे येतात. बाहेर पोचले तर नुसती पांढरी पूड. कातडीच्या आतच अडकले तर तिथे स्फटिक वाढतात, जागा मागतात आणि विटेचा पापुद्रा ढकलून काढतात. जुन्या भिंतीत ही ओल चुन्याच्या दरजांतून बाहेर पडायची. चुना मऊ आणि सच्छिद्र. झीज झाली तर त्याची व्हायची, आणि पन्नास-साठ वर्षांनी दरजा पुन्हा भरल्या की झालं. आम्ही सिमेंटने ती वाट बुजवली. आता सगळी ओल विटेतूनच निघणार. वर विटेची भट्टीत भाजून कडक झालेली साल तारेच्या ब्रशाने आधीच खरवडून टाकलेली. वाळूच्या फवाऱ्याने भिंत साफ करतात तिथेही हाच प्रकार होतो. भाकरीचा पापुद्रा काढून घेतला की आतलं किती टिकणार?

मग मी काळ्याचा विषय काढला. ॲसिडवाल्यांची परांची वरच्या मजल्यापर्यंत पोचली नव्हती, त्यामुळे तिथे जुना काळा रंग शाबूत होता. मी म्हटलं, हा गिरणीचा धूर. मामा हसले. संडास धुवायचं ब्लीच घरात आहे का, म्हणाले. वरच्या गॅलरीतून हात काढून त्यांनी दोन थेंब सोडले. दहा-पंधरा मिनिटांत काळ्यात फिकट विटकरी ठिपके पडले.

‘‘काजळी ब्लीचने जात नाही. हे शेवाळ आहे.’’

खरं सांगतो, मला राग आला. पण मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि ओल्या भिंतीवर सूक्ष्म शेवाळ धरतं. उन्हापासून बचाव म्हणून त्यातल्या काही जाती गडद रंगद्रव्य तयार करतात, आणि दिवाळीनंतर ते वाळलं की भिंत काजळी फासल्यासारखी दिसते. गिरगावात, परळला, दादरला ज्या पागोळ्यांखालच्या भिंती आपण धुराने काळवंडल्या म्हणतो, त्यातल्या कित्येकांचं कुळ हेच असावं. धुराडी विझून चाळीस वर्षं झाली. भिंत दर पावसाळ्यात नव्याने काळी होते, हे एवढं साधं कोडं मला पडलं नव्हतं.

ब्लीच मात्र फक्त परीक्षेपुरतं. अख्खी भिंत त्याने धुतली तर आणखी खार आत जातो.

पुढचा सगळा महिना भिंतीला कुणी हात लावला नाही. मामांनी आम्हाला पाण्याच्या मागे लावलं. सर्वात मोठा ओला पट्टा दुसऱ्या मजल्यावरच्या सामाईक मोरीखाली निघाला. पावसाळी पाइपाच्या सांध्यात पिंपळ होता. तो उपटायचा नाही, उपटला तर मुळांबरोबर विटा येतात. तो कापून मुळं मारायची. गच्चीच्या पन्हळीला उतार उलटा होता. रंगरंगोटीसाठी जमवलेल्या वर्गणीतली बरीच रक्कम मोरी आणि पाइपांतच गेली, आणि सभेत माझी जी पूजा झाली ती इथे लिहीत नाही.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. लोणा कोरड्या ब्रशाने झाडला आणि खालची पूड सुपलीत गोळा करून फेकली, नाहीतर ती पुन्हा पायथ्यातून वर चढते. जिथे जास्त होता तिथे मुलतानी मातीचा ओला लेप थापला; तो वाळताना खार स्वतःत ओढून घेतो. असे तीन लेप. शेवाळ साध्या पाण्याने आणि काथ्याच्या ब्रशाने, वरून खाली. सिमेंट छिन्नी-हातोडीने, पाऊण-एक इंच खोल. कटर मामांनी चाळीत येऊ दिला नाही. मग मुरवलेला चुना, रेती आणि विटेची पूड, म्हणजे सुर्खी, यांचा माल. त्याचा रंगच फिका गुलाबी. तो दरजांत बसला तशी भिंत एकदम ओळखीची वाटू लागली. भरलेल्या दरजांवर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, आणि चाळीत सावकाश हा शब्द कुणाला आवडत नाही.

पोपडे गेलेल्या बऱ्याच विटा मामांनी काढल्या आणि फिरवून बसवल्या. आतली बाजू शंभर वर्षं सावलीत राहिलेली, ताजी. ज्या फुटल्या त्यांच्या जागी पाडलेल्या चाळींतल्या जुन्या विटा आणल्या; आजच्या विटेचं माप जुळत नाही. त्या फार लाल दिसत होत्या. त्यांच्यावर गेरू आणि किंचित काजळ चुन्याच्या निवळीत कालवून पातळ हात मारला. समितीतल्या एकाने विचारलं, मग सगळ्यावरच टेराकोटा प्लॅस्टिक पेंट का नको? कारण तो पेंट ओल कोंडतो, आणि कोंडलेली ओल दोन-तीन वर्षांत पेंटासकट साल घेऊन उतरते.

रंगाबद्दलचा हट्ट कुठवर जातो, त्याची एक गंमत. लंडनमधलं पंतप्रधानांचं दहा नंबरचं घर काळ्या विटांचं म्हणून जगाला माहीत आहे. त्या विटा मूळच्या पिवळ्या. कोळशाच्या धुराने काळ्या झाल्या होत्या. १९६०च्या दशकातल्या दुरुस्तीत हे उघड झालं, तर त्यांनी साफ केलेल्या विटा मुद्दाम काळ्या रंगवल्या. लोकांना काळंच ओळखीचं होतं ना.

आमची भिंत आता एकसारखी नाही. कुठे शेंदरी, कुठे तपकिरी, कुठे चॉकलेटी. खाली, ॲसिड लागलेल्या पट्ट्यात, विटा अजून खडबडीत आहेत. ते आता सुधारायचं नाही.

शेवटच्या दिवशी वरच्या खिडकीच्या दगडी छज्ज्याखाली एक हातभर काळा पट्टा राहिला होता. तिथे पाऊस कधीच पोचत नाही. मी स्वतः शिडीवर चढून ब्लीचचे दोन थेंब सोडले. पाव तास गेला, अर्धा तास गेला. काळा तो काळाच. बोट फिरवलं तर काजळी लागली.

मामांनी खालून विचारलं, ‘‘घासायचं का, भाऊ?’’ मी नको म्हटलं आणि खाली उतरलो.