स्विच चालूच ठेवा, पॉवर सप्लाय बदला!

सिस्कोच्या कॅटलिस्ट ९३०० मालिकेतल्या स्विचला मागे पॉवर सप्लायच्या दोन जागा असतात. दोन्ही भरलेल्या असतील तर एक काढला तरी दुसरा स्विच चालता ठेवतो. बदलण्याची कृती अगदीच सोपी: आधी वायर काढायची, खटका दाबून सप्लाय ओढायचा, नवा सरकवायचा, वायर लावायची. हिरवे दिवे लागले की झालं.

खरी गोम पीओईमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देण्यात आहे. आयपी फोन, कॅमेरे, वाय-फायचे अॅक्सेस पॉइंट या सगळ्यांना वीज हाच स्विच पुरवतो. नेहमीच्या, म्हणजे पॉवर शेअरिंग पद्धतीत दोन्ही सप्लायची वॅट एकत्र धरली जातात. वापर एका सप्लायच्या आवाक्याबाहेर गेला असेल, तर एक काढताच स्विच कमी प्राधान्याच्या पोर्टची वीज तोडू शकतो. नेटवर्क चालू, पण कॅमेरे बंद! म्हणून आधी ‘शो एन्व्हायर्नमेंट पॉवर ऑल’ आणि ‘शो पॉवर इनलाइन’ बघा, मगच हात लावा. उरणाऱ्या सप्लायची वायर नीट बसली आहे ना, हेही. (घाईत नेमका चांगलाच सप्लाय ओढणारे कमी नसतात.)

सिस्कोचाच नेक्सस स्विच असेल तर सप्लायच्या खटक्याचा रंग पाहा; तो हवेची दिशा सांगतो. निळा म्हणजे हवा पोर्टच्या बाजूने बाहेर, मरून म्हणजे तिथूनच आत. दोन्हींची सरमिसळ चालत नाही.

नवा सप्लाय हाताशी असल्याशिवाय जुना काढू नका. जागा रिकामी ठेवायचीच असेल तर झाकणपट्टी लावा.