अधिसभेतील आमदार कोणाचे?

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते या नगरीत मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९९४ साली त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लाभले. त्याचा वार्षिक अहवाल व हिशेब अधिसभेपुढे येतात. २०१६ च्या कायद्यान्वये या अधिसभेत पदवीधर, प्राध्यापक व प्राचार्य यांचे प्रतिनिधी मतदानाने येतात. विधानसभेचे दोन व विधान परिषदेचा एक सदस्य मात्र अनुक्रमे अध्यक्ष व सभापती नामनिर्देशित करतात. मतपेटीतून जन्मलेल्या सभागृहानेच येथे मतपेटी टाळावी, हे चमत्कारिक नव्हे काय?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे सदस्य विधिमंडळाची दोन्ही सभागृहे निवडतात. त्याने विद्यामंदिरात राजकारण शिरेल, हा आक्षेप आम्ही जाणतो. पण नामनिर्देशनाने ते उंबरठ्याबाहेर राहते, असे कोण म्हणेल? मतदानात निदान कोणास कोणी निवडले, हे दिसते.

म्हणून आमची सूचना अशी की, हे तिघे सभागृहांनी निवडावेत व त्यांनी दरवर्षी आपल्या कार्याचे निवेदन सभागृहापुढे ठेवावे. बीड-धाराशिवच्या खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याचे गाऱ्हाणे विधिमंडळात नेणे, हे ज्याचे बांधील कर्तव्य, तोच त्याचा खरा प्रतिनिधी. बाकी सारी शोभेची आसने!