सुईची भीती कोण शिकवते?

परवाचीच गोष्ट. चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आई दवाखान्यात आली. मी नुसता स्टेथोस्कोप उचलला आणि मुलाने किंकाळी फोडली. सुईचा पत्ताही नव्हता! "डॉक्टर, दवाखान्याचं नाव काढलं की थयथयाट करतो. म्हणून तीन दिवस आणलाच नाही," आई म्हणाली. तोवर पोराची छाती चांगलीच भरली होती.

ही भीती मूल जन्मताना घेऊन येत नाही, ते ती शिकते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह कुत्र्याला अन्न देण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज ऐकवीत. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला लाळ सुटू लागली. 1920 साली अमेरिकेत वॉटसन आणि रेनर यांनी अकरा महिन्यांच्या एका बाळापुढे पांढरा उंदीर ठेवला. बाळाने हात लावला की मागे पोलादी कांबीवर हातोडा आपटायचा. मग बाळ नुसत्या उंदराला भिऊ लागले, पुढे सशालाही! आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही. पण दवाखान्यात आपण वेगळे काय करतो? सुई दुखते, मग डॉक्टर, स्टेथोस्कोप, स्पिरिटचा वास, सगळेच दुखरे वाटू लागते.

शिकलेली भीती विसरताही येते. 1924 साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या एका मुलाला आवडता खाऊ देत देत ससा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी तो सशाला कुरवाळू लागला.

म्हणून पालकांनो, "जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील" ही धमकी आजपासून बंद करा. "सुई नाही देणार" असे खोटेही सांगू नका. "थोडं दुखेल, लगेच थांबेल" म्हणा. तान्ह्या बाळाला लस टोचताना अंगावर पाजा, दुखणे कमी जाणवते. मूल रडले म्हणून तपासणी अर्धवट सोडून घरी नेलेत, तर रडण्याचा उपयोग होतो हेच ते शिकेल. सुई झाल्यावर मात्र लगेच शाबासकी द्या. कधीतरी नुसते वजन करायला आणा.

चूक आम्हा डॉक्टरांचीही आहे. गर्दीच्या वेळी न सांगता सुई मीही टोचली आहे. हल्ली आधी स्टेथोस्कोप मुलाच्या हातात देतो. तो मुलगा परवा तिसऱ्यांदा आला, तेव्हा त्याने आधी माझी छाती तपासली, मग स्वतःची तपासू दिली.