सावलीतली रानहळद

आंब्याफणसाची झाडे थोराड झाली, म्हणजे त्यांच्या छायेत काही फुलत नाही, अशी बागेची हौस असणाऱ्या पुष्कळांची तक्रार असते. गुलाब-मोगऱ्याच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु सह्याद्रीच्या रानातील रानहळद झाडांच्या सावलीतच सुखाने नांदते.

पावसाळा लागला की हिची हळदीसारखी रुंद पाने वर येतात आणि श्रावण-भाद्रपदात फुलांचा तुरा उभा राहतो. तुऱ्याच्या माथ्यावरील गुलाबी-जांभळी दले हीच फुले, असा पाहणाराचा समज होतो. वस्तुतः ती रंगीत पर्णे होत. खरी फुले पिवळी असून खालच्या हिरव्या पर्णांच्या ओंजळीतून एकेक डोकावतात. जॉन ग्रॅहॅम यांनी १८३९ च्या आपल्या मुंबईच्या वनस्पतिसूचीत हिचे शास्त्रीय नाव नोंदविले.

लागवड मृगापूर्वी करावी. पाणी साचणार नाही असा उंचवटा पाहून मातीत कुजलेला पालापाचोळा मिसळावा व गड्डे दोन-तीन बोटे खोल, वीतभर अंतराने लावावेत. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारचे नको. बेळगाव-गोव्याकडे पुढचे काम पाऊसच करतो. इंदूर-बडोद्याकडे पावसाने ताण दिल्यास पाणी घालावे.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. पाने पिवळी पडून जमिनीवर काहीच उरत नाही. झाड मेले असे समजून माणूस कळवळ्याने पाणी घालतो, आणि त्या पाण्यानेच ते मरते. पानांनी तयार केलेले अन्न या वेळी गड्ड्यात साठलेले असते. पाने नसल्याने त्यास पाण्याची गरज नसते. सतत ओल्या मातीत बुरशी शिरून गड्डा कुजतो. म्हणून पाने वाळली की पाणी तोडावे, जागेवर खुणेची काठी रोवावी आणि वर पाचोळा पसरावा. कुंडी असल्यास ती वळचणीला कोरडी ठेवावी.

गड्डा मिळवावयाचा तो मात्र रानातून उपटून नव्हे. अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तशी मनाई आहे. आणि अन्यत्रही उपटलेल्या गड्ड्याबरोबर तेथील पुढच्या पावसाळ्याचे फूल जाते. ज्यांच्या बागेत ती रुजली आहे, त्यांच्याकडून एखादा गड्डा मागून घ्यावा. तीन-चार वर्षांत त्याचे बेट होते. मग उन्हाळ्याच्या अखेरीस ते फोडून आपणही शेजाऱ्यास द्यावे.