वाट पाहायची, पण कुठे?

धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यात बांधीच्या धुऱ्यावर घोणसही भेटते. तिच्या विषाने रक्त गोठेनासे होते आणि काहींची लघवी दोनेक दिवसांत आटते. हिवताप, जंतुसंसर्ग, बाळंतपणातला रक्तस्राव यांतही किडनी अशीच बसते. मग अतिदक्षता विभागात प्रश्न येतो: डायलिसिस आत्ताच लावायचे, की किडनी आपली आपण जागी होते का ते पाहायचे?

बरीच वर्षे कल घाईकडे होता. कोरियन युद्धात काम केलेले अमेरिकी लष्करी डॉक्टर पॉल टेशन यांनी 1960 साली पंधरा रुग्णांचा अनुभव मांडला. लक्षणे बळावण्याआधीच रक्त शुद्ध करा, असा त्याचा रोख. घाण साचण्याआधी काढली तर बरेच, हे कुणालाही पटेल. पण मोठ्या चाचण्यांत ते तपासायला अर्धशतक गेले.

मे 2016 मध्ये दोन निकाल आले, तेही उलटसुलट. जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या 231 रुग्णांत लवकर डायलिसिसने नव्वद दिवसांतले मृत्यू सुमारे 55 टक्क्यांवरून 39 वर आले. फ्रान्समधल्या 31 अतिदक्षता विभागांतल्या 620 रुग्णांत मात्र फरक नाही. शिवाय थांबवलेल्यांपैकी 49 टक्क्यांना डायलिसिस कधी लागलेच नाही! 

पारडे फिरवले ते 2020 च्या चाचणीने. 15 देश, तीन हजारांवर रुग्ण. भारत त्यांत नव्हता. मृत्यू दोन्ही गटांत 44 टक्क्यांच्या आसपास. पण जगलेल्यांपैकी नव्वद दिवसांनंतरही डायलिसिसवर राहिलेले, घाईच्या गटात 10.4 टक्के आणि थांबण्याच्या गटात 6. ‘एकदा लावले की सुटत नाही’ या नातेवाइकांच्या धास्तीला आम्ही डॉक्टर अडाणीपणा म्हणत आलो. बहुतेकांचे सुटते, हे खरेच. तरी ती धास्ती अगदीच निराधार नव्हती. 2021 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी थांबणे आणखी ताणून पाहिले. फायदा नाही, उलट धोक्याची चिन्हे दिसली.

म्हणजे थांबावे, पण फार नाही. पोटॅशियम चढले, रक्तातले आम्ल आवरेना, फुप्फुसांत पाणी भरले आणि औषधांना दाद मिळेना, तर थांबणे संपले. मला खटकते ते पुढचेच. या चाचण्यांतले थांबणे म्हणजे वारंवार रक्ततपासणी, तासातासाला मोजलेली लघवी आणि हाताशी असलेले मशीन. गोंदियातल्या देवरी-सालेकसाकडच्या ग्रामीण रुग्णालयात हे कुठून आणायचे? तिथे थांबणे ही निराळीच गोष्ट आहे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने 130 किलोमीटर, आणि फुप्फुसांत पाणी भरलेला रुग्ण एवढ्या प्रवासाला निघण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून मशीनवर घेण्याची घाई नको, पण मशीन असलेल्या गावी पोचवण्याची हवी. सर्पविषरोधक लस आधी, जिथे आहे तिथेच. मग रेफरच्या चिठ्ठीवर दंश किती वाजता झाला, लस किती दिली, क्रिएटिनिन किती होते आणि शेवटची लघवी कधी व किती झाली, एवढे लिहून द्यावे. नाहीतर पुढच्या डॉक्टरचा थांबण्याचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.